सायलेन्सर खालून बघून निवडायचा: जांबोटी पट्ट्यातल्या एका जिप्सीचं प्रकरण

गाडी मारुती जिप्सी, २०१५ सालची, १२९८ सीसीचं पेट्रोल इंजिन, बीएस-४, केए-२२ पासिंग. मालकाचं शेत खानापूर तालुक्यात, जांबोटी ते कणकुंबीच्या मधल्या पट्ट्यात. आठवड्यातून दोनदा बेळगावला फेरी, एरवी शेतापर्यंतचा तीन किलोमीटर जांभ्याचा कच्चा रस्ता, वाटेत एक ओढा, आणि वर्षातून चार-पाच वेळा मित्रांबरोबर दगडधोंड्यातली चढाई. पाट्यांना लिफ्ट देऊन गाडी मूळ उंचीपेक्षा ५० मिमी वर उचललेली, टायर एक माप मोठे. तक्रार साधी होती: आवाज वाढलाय, पिकअप गेलाय, चोर्ला घाटात दुसऱ्या गिअरवरसुद्धा दम टाकते.

उपायही मालकानं ठरवूनच आणला होता. मोबाइलवर एका ‘फ्री-फ्लो’ (धुराला कमी अडवणाऱ्या) किटचे फोटो: इंजिनातून धूर बाहेर आणणारं चार नळ्यांचं हेडर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या डब्याच्या) जागी सरळ पाइप, त्यामागे ५१ मिमीचा पाइप आणि काचेच्या लोकरीचा गोल डबा. विकणाऱ्याचा दावा आठ-दहा हॉर्सपॉवर वाढण्याचा.

“मिस्त्री, आवाज जरा भारी पाहिजे बघा.”

“आवाजानं चढ चढत न्हाई की ओ, मालक.”

हे इंजिन ८० बीएचपी देतं ते ६००० आरपीएमला, आणि त्याचा १०३ न्यूटन-मीटर टॉर्क येतो ४५०० ला. ओढ्यातून वर येताना किंवा दगडावरून चाक हळूच उतरवताना इंजिन फिरतं १५०० ते २५०० च्या दरम्यान. तिथं वरच्या टोकाचे आठ घोडे, खरोखर मिळाले तरी, कामाला येत नाहीत.

आधी जुन्याला काय झालंय ते बघितलं

थंड इंजिन सुरू केल्यावर पहिला अर्धा मिनिट ‘टिक-टिक’ असा बारीक आवाज येत होता आणि गरम झाल्यावर तो बंद पडत होता. याला बरेच जण टॅपेटचा (इंजिनाच्या व्हॉल्व्हकडचा) आवाज समजतात. ओला फडका मागच्या पाइपच्या तोंडावर दाबून धरला तर फुसफुस पुढून ऐकू आली: इंजिनाचं हेड आणि मॅनिफोल्ड (सिलिंडरांतला धूर एकत्र आणणाऱ्या नळ्या) यांच्या मधली गॅस्केट एका कडेला काळी पडली होती, तिथला एक नट ढिला होता. धातू तापून फुगला की फट मिटते, म्हणून आवाज जातो. पण ही फट ऑक्सिजन सेन्सरच्या अलीकडे आहे, आणि इथेच खरी गोम असते. एक्झॉस्टचा दाब सलग नसतो, तो ठोक्याठोक्यानं येतो, आणि दोन ठोक्यांच्या मधे क्षणभर दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो. तेवढ्यात फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला जास्तीचा ऑक्सिजन दिसतो, ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि तो आणखी पेट्रोल सोडतो. अॅव्हरेज पडतो, कन्व्हर्टर जास्त तापतो, आणि मालक पेट्रोल पंपाला शिव्या देतो.

दुसरी तपासणी दाबाची. पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्याच्या भोकात (आटे एम१८ × १.५) अडॅप्टर लावून कमी दाबाचा गेज जोडला. गाडी उभी असताना २५०० आरपीएमला गेज ३ पीएसआयच्या, म्हणजे साधारण २० केपीएच्या वर गेला तर पुढे कुठेतरी तुंबलंय असं धरायचं. इथं काटा साडेचारवर. मग कन्व्हर्टरच्या मागचा जॉइंट मोकळा करून पुन्हा बघितलं: एकवर. म्हणजे कन्व्हर्टर स्वच्छ आहे आणि अडथळा सायलेन्सरच्या डब्यात आहे. हा जॉइंट मोकळा करायलाच सर्वांत जास्त वेळ गेला. तिन्ही बोल्ट गंजून जाम झाले होते, गॅस कटर लावावा लागला.

जुना डबा नंतर ग्राइंडरनं उभा चिरला. आतला एक पडदा वेल्डवरून तुटून बाहेर जाणाऱ्या नळीच्या तोंडावर आडवा पडला होता. त्याच्यामागे लाल चिखलाचा वाळलेला गोळा, विटेसारखा कडक, आणि गंजाच्या पापुद्र्यांचा चुरा. खालची शिवण आतून खाऊन कागदासारखी झाली होती, बाहेरून मात्र रंग शाबूत. चिखल आला मागच्या तोंडातून. ओढ्याच्या काठावर गाडी रिव्हर्स घेताना शेपूट चिखलात टेकायचं, दोन ठिकाणी त्याची कड वाकलेलीही होती. गंज आला इंजिनातून. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. तीन किलोमीटरच्या फेरीत डबा पुरता तापत नाही, वाफ आतच पाणी होऊन तळाशी साचते. शेतावरच्या गाड्यांचे सायलेन्सर हायवेवरच्या गाड्यांच्या आधी का सडतात त्याचं कारण हे. लोक मात्र बाहेरून डांबर आणि रंग फासत बसतात.

साडेचारवरून एकवर येणं हा या प्रकरणातला सर्वांत मोठा फरक, आणि तो नव्या पाइपानं आणलेला नाही. तुंबलेला डबा निघाल्यावर जे काही बसवलं असतं त्यानं गाडी हलकी झाली असती. तो ५१ मिमीचा किट बसवला असता तरी मालक म्हणाला असता, “बघा, पॉवर वाढली.” बाजारात फ्री-फ्लोची जी तारीफ होते तिचा बराचसा भाग असा, सडलेल्या डब्याशी तुलना करून झालेला असतो.

किट का नाकारला

पहिलं कारण कन्व्हर्टर. बीएस-४ पेट्रोल गाडीला पीयूसीत आयडलवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत लागतं, आणि २५०० च्या आसपास फिरवून कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्क्यांच्या आत. कन्व्हर्टर काढलेली गाडी या आकड्यांत बसणं अवघड आणि डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा कायमचा पेटणार, हे दोन्ही गृहीत धरायचं. ही गाडी महिन्यातून एकदा तरी शिनोळीकडून महाराष्ट्रात नाहीतर चोर्ल्यातून गोव्यात जाते. तीन राज्यांचे पोलीस, पण मोटार वाहन कायदा एकच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९०(२) खाली आवाज आणि प्रदूषणाच्या नियमभंगाला पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र. परवानगी नसलेले भाग लावून गाडीत फेरफार केला तर १८२ए(४) वेगळं.

हे वाचल्यावर कुणी विचारेल, मग हातानं बनवलेला सायलेन्सर तरी कसा चालतो? प्रश्न बरोबर आहे. कलम ५२ मूळ स्पेसिफिकेशनपासून दूर जायला मनाई करतं आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच अधोरेखित केलं. म्हणून कंपनीचा मूळ सुटा भाग मिळत असेल आणि गाडी मूळ उंचीची असेल तर तोच घ्यावा, पुढचं वाचायची गरज नाही. या गाडीला तो नको होता कारण मूळ मार्गानं जाणारा डबा तीनदा दगडावर बसून चेपला होता. तरीही मर्यादा ठरवून घेतली: मॅनिफोल्डपासून कन्व्हर्टरपर्यंत, सेन्सर आणि उष्णतेच्या पत्र्यासकट, काहीही हलवायचं नाही, बदल फक्त कन्व्हर्टरच्या मागे, आणि आवाज चांगल्या मूळ सायलेन्सरपेक्षा वर जाऊ द्यायचा नाही. शेताच्या पलीकडे भीमगड अभयारण्याचं रान सुरू होतं, हेही एक कारण.

बाजारातला काळ्या पत्र्याचा नकली डबा हा तिसरा पर्याय. स्वस्त, लगेच मिळणारा, आणि या पावसात दोन-तीन वर्षांचा सोबती. त्यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

पाइपचा व्यास

गॅरेजात एक वाक्य ठरलेलं आहे: “थोडं बॅक प्रेशर लागतंच.” इंजिनाला बॅक प्रेशर कधीच नको असतं. त्याला हवा असतो वायूचा वेग, म्हणजे एका ठोक्याचा वायू बाहेर पळताना मागच्याला ओढून नेईल इतका. तो वेग जुळवण्याचं काम मुख्यतः मॅनिफोल्डच्या नळ्यांत होतं. कन्व्हर्टरच्या मागे पाइप थोडा मोठा केला तर खालच्या आरपीएमचा टॉर्क लोक घाबरतात तेवढा पडत नाही, आणि लोक आशा करतात तेवढी पॉवरही वाढत नाही. मोठ्या पाइपचा खरा तोटा गाडीखाली दिसतो.

काढलेला पाइप बाहेरून ३८ मिमी होता. दीड मिमी जाडी धरली तर आतलं क्षेत्रफळ सुमारे ९७० चौरस मिमी. ५०.८ मिमीच्या, त्याच जाडीच्या पाइपचं क्षेत्रफळ सुमारे १८००, म्हणजे ८५ टक्के जास्त. ८० बीएचपीच्या इंजिनाला एवढं लागत नाही, आणि त्याबदल्यात एक्सलवरून जाताना तब्बल १३ मिमी जागा गमवायची. जिप्सीखाली १३ मिमी म्हणजे पाइप वाजणार की नाही यातला फरक.

निवडला तो १¼ इंच एनबी (पाइपचं नाममात्र माप), शेड्यूल ५ (जाडीचा वर्ग) चा पाइप: बाहेरून ४२.२ मिमी, जाडी १.६५, आतून ३८.९. क्षेत्रफळ सुमारे ११९०, जुन्यापेक्षा साधारण २३ टक्के मोकळा, आणि उंचीत फक्त ४ मिमी जास्त. वजन मीटरला १.६७ किलोच्या आसपास. कन्व्हर्टरपासून शेपटापर्यंत २.२ मीटर लागला. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत स्टेनलेसचं काम रोजचं, त्यामुळे असा पाइप शोधत हिंडावं लागत नाही. डेअरीच्या लाइनसाठी वापरतात त्या गुळगुळीत ट्यूब आणि तयार बेंडही चालतात, पण त्यांची सहज मिळणारी मापं ३८ आणि ५१. मधलं माप हवं असेल तर एनबीकडे वळावं लागतं.

बेंड मँड्रेलवर (पाइपच्या आत आधार घालून) वाकवलेले किंवा तयार वेल्डचे घ्यायचे. साध्या हायड्रॉलिक बेंडरवर पोकळ पाइप दाबला की आतली बाजू चेपते आणि ४२ चा पाइप त्या वळणावर ३४-३५ चा होतो. मग मोठा पाइप घेऊन काय मिळवलं? या गाडीला चार ९० अंशांचे तयार बेंड घेतले आणि त्यातून लागतील ते कोन कापून काढले.

कुठलं स्टेनलेस

पाइप ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसचा ठरला, आणि इथं चुंबक घेऊन फिरणाऱ्यांनी सावध राहावं. ३०४ ला चुंबक चिकटत नाही हे खरं, पण २०२ लाही चिकटत नाही, आणि २०२ मध्ये निकेल कमी, मँगॅनीज जास्त. आपल्या पावसाळ्यात वेल्डच्या कडेनं ते लवकर तांबूस होतं. शिवाय खऱ्या ३०४ चा वाकवलेला भाग चुंबकाला किंचित ओढ देतो, त्यामुळे चुंबक दोन्ही बाजूंनी फसवतो. भंगारवाले मँगॅनीज ओळखायचे थेंब आणि छोटी बॅटरी वापरतात. तो थेंब पाइपवर टाकून रंग बघणं हा एका मिनिटाचा खेळ आहे. टाकूनच माल घ्यावा. कंपन्यांचे सायलेन्सर बऱ्याचदा ४०९ चे असतात. ते चुंबकाला चिकटतं, वरून गंजल्यासारखं दिसतं आणि तरी वर्षानुवर्षं टिकतं. ४०९ चा पाइप मिळाला असता तर तोही चालला असता, उलट एका बाबतीत सरस ठरला असता. ते पुढे येईलच.

डबा काचेच्या लोकरीचा घेतला नाही. सरळ जाळीची नळी आणि भोवती लोकर, हा प्रकार कोरड्या रस्त्यावर छान. ओढ्यात शेपूट बुडालं की लोकर पाणी पिते, त्याबरोबर गाळ शिरतो, तापल्यावर त्याचा गठ्ठा होतो, आणि वर्षभरात डबा नुसती पोकळ नळी उरतो. म्हणून पडद्यांचा, लोकर नसलेला अंडाकृती डबा घेतला: ३५० मिमी लांब, रुंदी २००, उंची ११०. चपटा असल्यानं चेसिसच्या रेषेच्या वर बसतो. मागच्या टोकाला, सर्वांत खालच्या जागी, ३ मिमीचं भोक. तिथून पाणी ठिबकतं. भोक बघून कुणीतरी सायलेन्सर फुटला म्हणून वेल्ड मारून बुजवतं, हे इतक्यांदा घडतं की मालकाला आधीच सांगून ठेवलेलं बरं.

मार्ग

मोजमाप गाडी चाकांवर उभी असताना, पिटवरून घेतलं. चेसिसला जॅक लावून गाडी उचलली की एक्सल लोंबतो आणि सगळीकडे भरपूर जागा आहे असा भास होतो. लिफ्ट केलेल्या गाडीत तर हमखास. एक्सलचं एक टोक जॅकनं बंप स्टॉपला (एक्सलला वर अडवणाऱ्या रबरी ठोकळ्याला) टेकेपर्यंत वर चढवलं, खडूनं खूण केली, मग दुसरं. त्या स्थितीत एक्सल आणि पाइप यांत २५ मिमी ठेवले. मग उलट: चाक लोंबतं सोडून प्रॉपेलर शाफ्ट कुठपर्यंत येतो ते बघितलं. जिप्सीचा ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) गिअरबॉक्सपासून सुटा असतो, त्यामुळे खाली एक नाही, तीन शाफ्ट फिरतात. पाइपला मोकळी गल्ली अशी कमीच. पेट्रोलच्या लाइनपासून ३५ मिमी अंतर हा तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम क्रमांक ११३ आहे. इथं ६० ठेवता आले. ब्रेकच्या पाइपजवळ जागा कमी, तिथं मधे पत्र्याची ढाल बसवली, पाइपला नव्हे तर चेसिसला.

शेपूट कुठं काढायचं यावर मालकाशी वाद झाला. चढाईवाल्यांना मागच्या चाकाच्या पुढे, बाजूलाच पाइप संपवायला आवडतो. मागे काही लोंबत नाही. डाव्या बाजूला काढता येत नाही, नियम ११२ ला ते चालत नाही. खाली तोंड करूनही नाही. उजवीकडे किंवा मागे, एवढीच मुभा. उजवीकडे काढलं तर धूर ड्रायव्हरच्या खिडकीत. शिवाय ही कापडी टपाची गाडी. उभ्या सपाट पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि मागचा धूर पडद्याच्या फटीतून आत ओढला जातो, कार्बन मोनॉक्साइडसकट. म्हणून पाइप मागच्या उजव्या कोपऱ्यात, बॉडीच्या कडेच्या २० मिमी बाहेर संपवला. मागच्या टायरचा तळ आणि बंपरची खालची कड यांना जोडणारी दोरी धरली आणि शेपूट त्या दोरीच्या वर राहील इतकं उचललं. आता रिव्हर्समध्ये आधी टायर टेकतो.

पाण्याबद्दल लोकांच्या मनात उगाच भीती असते. शेपूट ३० सेंमी पाण्याखाली गेलं तर उलटा दाब पडतो साधारण ३ केपीएचा. चालू इंजिन तो सहज ढकलतं. धोका आहे इंजिन पाण्यात बंद पडण्याचा, कारण मग पाणी मागून वर चढतं, आणि तापलेल्या कन्व्हर्टरच्या सिरॅमिकला गार पाणी लागलं की त्याला तडा जातो. त्यामुळे वर उंच काढलेला ट्रॅक्टरसारखा पाइप या गाडीला नको होता. हवा आत घेण्याचं तोंड उंच असणं जास्त गरजेचं.

जोडणी

आधी ६ मिमीच्या सळईनं मार्ग वाकवून घेतला आणि त्यावरून पाइप कापले. संच तीन तुकड्यांत: कन्व्हर्टरनंतरचा तुकडा लवचीक बेलोसह (घडीदार जोडनळीसह), डबा, आणि एक्सलवरून जाणारं शेपूट. एकसंध केला असता तर एक्सल उतरवल्याशिवाय तो कधी निघाला नसता. तुकड्यांमधे ८ मिमी जाडीच्या तीन बोल्टच्या फ्लँज, बोल्ट एम१० स्टेनलेस, पण नट पितळेचे, तांब्याची उष्णतारोधक ग्रीस लावून. स्टेनलेसवर स्टेनलेस नट तापला की आटे एकमेकांना घट्ट चावतात, मग पुन्हा गॅस कटर आलाच.

बेलो आतल्या अस्तराचा, १०० मिमी लांब, पहिल्या हँगरच्या (पाइप रबरानं चेसिसला टांगणाऱ्या आधाराच्या) पुढे. इंजिन आपल्या माउंटवर डुलतं, ते डुलणं तिथंच जिरावं म्हणून. पाइप दोन सेंटिमीटर इकडेतिकडे बसत असेल तर बेलो वाकवून जमवायचं नाही. पिळलेला बेलो महिन्याभरात फाटतो.

टाके गाडीखाली मारले, त्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह काढलं. पूर्ण वेल्ड मात्र टेबलावर. पेट्रोलची टाकी हाताच्या अंतरावर असताना गाडीखाली सलग वेल्डिंग करणं हा शहाणपणा नाही. टिग वेल्डिंग, १.६ मिमीची ३०८एल भरणाची सळई, ५५ ते ६० अँपिअर. कन्व्हर्टरची फ्लँज साध्या लोखंडाची, तिला जोडताना ३०९एल. पाइपची दोन्ही टोकं अॅल्युमिनियम फॉइलनं बंद करून आतून मिनिटाला चार-पाच लिटर आर्गन सोडला. हे टाळलं की आतल्या बाजूला वेल्ड साखरेसारखा दाणेदार होतो. बाहेरून सुंदर शिवण, आत भेगा पडायला तयार खडबडीत काठ.

काय बिघडलं

साधारण तीन आठवड्यांनी तिसरा हँगर तुटला. रबर शाबूत, १० मिमीची सळई पाइपवरच्या वेल्डच्या कडेनं भेगाळलेली. कारण आखणीतच होतं. ३०४ तापल्यावर साध्या लोखंडापेक्षा जवळपास दीडपट वाढतं: २.२ मीटर पाइप सरासरी २५० अंशांनी तापला तर ९ ते १० मिमी लांब होतो, लोखंडाचा असता तर साडेसहा मिमी. पुढचं टोक इंजिनाकडे अडकलेलं, म्हणजे सगळी वाढ मागे सरकणार. पहिल्या दोन हँगरच्या सळया पाइपला समांतर होत्या, रबर त्यांच्यावरून सरकत होतं. तिसरी मात्र जागा नव्हती म्हणून आडवी लावलेली. ती रोज दोन-चार वेळा ढकलली जाऊन वाकत होती. ४०९ नं बरं केलं असतं ते इथं. ते वाढतं जवळपास लोखंडाइतकंच. ब्रॅकेट ४० मिमी पुढे सरकवून सळई समांतर केली, आणि तिच्या बुडाशी पाइपवर ३० × ४० मिमीचा पत्रा आधी वेल्ड करून त्यावर सळई बसवली, म्हणजे ताण एका रेषेत न येता पसरतो.

दुसरी अडचण गुंईऽऽ आवाजाची. बेळगावच्या रस्त्यावर ३००० आरपीएमच्या आसपास टपाखाली कानात घुमायला लागायचं. चार सिलिंडरच्या इंजिनात दर मिनिटाच्या फेऱ्यांना ३० नं भागलं की ठोक्यांची वारंवारता मिळते. ३००० ला १०० हर्ट्झ. ही वारंवारता मारायला बंद टोकाची फांदी जोडता येते, पण शेपटातला वायू २०० अंशांचा धरला तर तिची लांबी भरते जवळपास ११० सेंमी. जिप्सीखाली ती ठेवणार कुठं? त्याऐवजी शेपटाच्या सरळ भागात २५० मिमीचा एक लहान रेझोनेटर (घुमणारा आवाज मारणारा डबा) घातला. घुमणं पूर्ण गेलं नाही, बोलणं ऐकू येण्याइतकं कमी झालं. तुलना एकाच फोनवरच्या एकाच अॅपनं केली: तोंडापासून अर्धा मीटर, ४५ अंशांत, इंजिन ४५०० वर, आधी आणि नंतर. फोनचा आकडा खरा डेसिबल नव्हे, पण फरक बघायला पुरतो.

तिसरी गोष्ट पहिल्या मोठ्या पावसात समजली. डबा आणि फरशीच्या पत्र्यामधे १२ मिमी जागा सोडली होती. जांभ्याचा चिखल त्यात बसून वाळला आणि डबा बॉडीला लागून वाजायला लागला. अंतर २५ केल्यावर पाण्याच्या पाइपानं चिखल निघून जातो. चिखलापेक्षा वाळलेलं गवत जास्त घातक. ऊसतोडीनंतरच्या शेतात गाडी पाचटावर उभी करायची या भागात सर्रास सवय आहे, आणि नुकत्याच थांबलेल्या गाडीचा कन्व्हर्टर पाचट पेटवायला पुरेसा तापलेला असतो. म्हणूनच त्याखालचा खडखडणारा पत्रा कुणी काढून टाकायला सांगितला तरी काढायचा नाही. जुबली क्लिप मारून घट्ट करायचा.

सहा महिन्यांनी

मॅनिफोल्डची नवी गॅस्केट आणि मोकळा डबा यांमुळे २५०० ला गेज एकच्या जरा वर. पीयूसीत सगळे आकडे मर्यादेच्या आत. घाटात दुसऱ्यावर अडणारी गाडी त्याच वळणावर तिसऱ्यावर जाते. मालकाला आवाज ‘जरा मऊच’ वाटतो, तो अजून कुरकुरतो. तपासणीसाठी शेपूट उतरवलं तेव्हा फ्लँजवर लाल मातीचा थर होता, डब्याच्या भोकातून चमचाभर तांबूस पाणी गळलं, आणि पितळेचे तिन्ही नट १७ च्या पान्यानं, हातानंच सुटले.